सगळ्यांचा सा वेगळा

जेवण झालं, ताक झालं, पेपर तोंडावर घेऊन आडवा झालो आणि समोरच्या इमारतीतून सॅक्सोफोन सुरू झाला. सुरू झाला म्हणजे एकच सूर. लांब, सरळ, दम संपत आला की किंचित खाली बसणारा. मग श्वासापुरती शांतता आणि पुन्हा तोच. गाणं असतं तर नावं तरी ठेवता आली असती. नुसत्या सुराला काय नावं ठेवणार?

वाजवणारे गृहस्थ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्या नावाने 'नम्र विनंती' पडली, तिच्याखाली भराभर अंगठे उमटले, तेव्हा त्यांनी उपाय सुरू केले. आधी वाद्याच्या तोंडात टॉवेल कोंबला. उपयोग शून्य, कारण सॅक्सोफोनचा आवाज काही फक्त त्या मोठ्या कर्ण्यातून येत नाही. अंगावरच्या भोकांतलं जे उघडं मिळेल तिथून तो निसटतो. मग कपाट उघडून साड्यांच्या घडीत तोंड खुपसून वाजवायला लागले. वहिनींनी तिथून हाकललं. शेवटी पार्किंगमध्ये, स्वतःच्या गाडीत, काचा वर करून. तेही मे महिन्यात. वॉचमनने साहेब गुदमरले की काय म्हणून काच ठोठावली तर त्याच्यावरच उखडले. सध्या पुन्हा हॉलमध्ये, खिडक्या लावून, दुपारी.

याच गृहस्थांनी मला त्यांच्या मंडळात ओढलं. शहरातले हौशी सॅक्सोफोनवाले दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका क्लब हाउसमध्ये जमतात. मी म्हटलं, अहो, मला पिपाणी वाजवता येत नाही. म्हणाले, "वाजवायला कोण सांगतंय? इतिवृत्त लिहा. आमच्यातला कुणी लिहायला बसला की त्याची वाजवायची पाळी हुकते, आणि मग तो महिनाभर बोलत नाही."

ते बरोबर माणसाकडे आले होते. मला संस्थांचे अहवाल वाचायचं व्यसन आहे. वाचनालय असो, पतपेढी असो, स्मशानभूमी सुधार समिती असो, अहवाल हाती आला की मी आधी 'किरकोळ खर्च' बघतो, मग 'आभार'. आभारात ज्याचं नाव शेवटी 'तसेच' म्हणून येतं, संस्था बहुधा त्याच्या जिवावर चाललेली असते. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हे वाक्य कानावर पडलं की मला घरी आल्यासारखं वाटतं. बायकोला हे सगळं आजारात मोडतं असं वाटतं. असो.

तर हे मंडळ. सॅक्सोफोन लहानमोठ्या आकारांत येतो, प्रत्येकाचं नाव वेगळं. आमच्यात बहुतेक आल्टोवाले, दोघे टेनरवाले आणि एक दंतवैद्य बाई सोप्रानो वाजवतात, तो सरळ असतो, सनईच्या घरातला. बॅरिटोन कुणीच घेत नाही. जड, महाग, आणि त्यावर गाणं वाजवण्यापेक्षा गाण्याला खालून आधार देण्याचं काम जास्त. सगळ्यांना गाणं हवं. त्यातही एकच. 'काश्मीर की कली'मधलं 'है दुनिया उसी की'. १९६४ सालापासून आजतागायत त्या गाण्यातल्या मनोहारी सिंग यांच्या सॅक्सोफोनने किती भल्या माणसांना कर्ज काढून वाद्य घ्यायला लावलं असेल, देव जाणे. कोजागिरीच्या कार्यक्रमासाठी अध्यक्षांनी पसंती मागवली तर निम्म्या चिठ्ठ्यांवर हेच गाणं. अध्यक्ष म्हणजे माजी बँक मॅनेजर, कर्ज नाकारायची सवय असलेला माणूस, तोही हतबल झाला. शेवटी मुखडा एकाला, पहिला अंतरा दुसऱ्याला, मधला तुकडा तिसऱ्याला अशी वाटणी झाली. भाऊबंदकीत विहिरीच्या पाण्याची पाळी लावतात तशी.

पण खरा पेच पुढेच आहे. सॅक्सोफोनवाल्यांचा सा एक नसतो. आल्टोवाल्याने त्याच्या कागदावरचा 'सी' वाजवला की बाहेर येते आपल्या पेटीवरची काळी दोन. टेनरवाल्याने तोच 'सी' वाजवला की काळी पाच. दोघांच्या बोटांची ठेवण तीच, दोघांचं म्हणणं आम्ही बरोबर, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला ठिणग्या. पांढरी एकमध्ये गाणं घ्यायचं तर आल्टोवाल्याने त्याच्या 'ए'पासून निघायचं आणि टेनरवाल्याने त्याच्या 'डी'पासून. ही बाराखडी ज्याला तोंडपाठ, तो खरा मंडळाचा चालक. आमच्याकडे ते काम पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारा एक तरुण मुलगा करतो. तो ना अध्यक्ष, ना सचिव. ट्यूनर, म्हणजे सूर मोजायचं यंत्र, मध्ये ठेवतो, एकेकाला सूर धरायला लावतो, आणि "काका, मुखनळी अजून अर्धा सूत आत घ्या" म्हणत बुचाच्या पट्टीवर ती पुढेमागे करायला लावतो. माजी बँक मॅनेजरही निमूट आत घेतात. ट्यूनरचा काटा मध्यावर येईस्तोवर चहा नाही, हा त्याचा एकमेव नियम, आणि मंडळाच्या घटनेत तो कुठेही नाही. घटनेत कलम पाचमध्ये पदाधिकाऱ्यांच्या हारांची तरतूद मात्र आहे.

मनोहारी सिंगांचंही असंच होतं. लोकांना त्यांचे गाण्यातले चार तुकडे माहीत. पण मूळचं नेपाळी कुटुंब, जन्म कोलकात्यातला, तिथून मुंबईत आलेला हा माणूस पुढे वर्षानुवर्षं राहुलदेव बर्मन यांच्याकडे बासू चक्रवर्तींच्या जोडीने संगीत संयोजन करत होता. म्हणजे खोलीभर वादकांना कोण कधी वाजवणार आणि मुख्य म्हणजे कोण कधी गप्प बसणार ते सांगायचं. मला यातला दुसरा भाग जास्त अवघड वाटतो. आमच्या सभेत तर तो अशक्यच आहे.

व्हायोलिनवाल्यांची अशी मंडळं मी फारशी ऐकली नाहीत. त्यांना गरजच नसावी. ऑर्केस्ट्रात पहिल्या रांगेपासून त्यांच्या खुर्च्या मांडलेल्याच असतात. सॅक्सोफोनला तिथे कायमची खुर्ची नाही. बिझे, रावेल या फ्रेंच संगीतकारांनी पाहुण्यासारखं बोलावलं, काम झालं, या आता. पॅरिसच्या कॉन्झर्वेटरीत, म्हणजे तिथल्या संगीत विद्यालयात, १८५७ साली सॅक्सोफोनचा वर्ग निघाला, १८७० च्या युद्धात बंद पडला, तो पुन्हा सुरू व्हायला १९४२ उजाडलं. एवढ्या काळात माणसाने कुठे जायचं? लष्करी बँड, सर्कस, नाचघर. मग आपणच आपलं संमेलन भरवायचं. १९६९ च्या डिसेंबरात शिकागोला पहिलं जागतिक सॅक्सोफोन संमेलन भरलं, पॉल ब्रोडी आणि यूजीन रूसो या दोघा वादकांच्या पुढाकाराने. तेव्हापासून ते गावोगाव फिरतं आहे, लंडन, टोरांटो, बँकॉक, झाग्रेब. ज्या गावात संमेलन, तिथला यजमान त्या खेपेपुरता कर्ता. ही पद्धत मला आवडली. एकाच माणसाने किती वर्षं सतरंज्या घालायच्या?

अमेरिकेतही त्यांची मोठी संघटना आहे, नॉर्थ अमेरिकन सॅक्सोफोन अलायन्स. आद्याक्षरं घ्या, नासा. माझ्या मावसबहिणीचा नातू तिकडे ओहायोत आल्टो शिकतो, तो विद्यार्थी सभासद झाला आणि फोनवर सांगताना "मी नासाचा मेंबर झालो" म्हणाला. मावशीने त्याच संध्याकाळी वाड्यात पेढे वाटले. शेजारच्या जोशीकाकूंनी "यान कधी सोडणार?" असं विचारलं. खरं काय ते नंतर कळलं, पण मावशीने शेवटपर्यंत खुलासा केला नाही, पेढे परत थोडेच मागता येतात.

गंमत अशी, की ज्याच्या नावाचं हे वाद्य, त्याला एका संघटनेनेच जेरीस आणलं होतं. अडॉल्फ सॅक्स. १८१४ साली बेल्जियममधल्या दिनां गावात जन्म. लहानपणी जिन्यावरून पडला, टाचणी गिळली, दूध समजून आम्लाचं पाणी प्याला; हे पोर जगायचं नाही असं आईनेच धरून ठेवलेलं. जगला, पॅरिसला गेला, १८४६ मध्ये सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. झालं. तिथले सगळे वाद्यं बनवणारे, जे एरवी एकमेकांचं तोंड बघत नसत, ते एकत्र आले, वर्गणी काढली आणि त्याला कोर्टात खेचलं. वर्षानुवर्षं खटले चालले. दिवाळं निघालं, एकदा नव्हे, तीनदा. १८९४ मध्ये गरिबीतच गेला. आता दिनांमध्ये जागोजाग रंगीत सॅक्सोफोन उभे केलेत. त्या वर्गणीवाल्यांचं इतिवृत्त वाचायला मिळालं तर मी दोन रविवार खुशाल देईन. विषय पहिला, सॅक्स यांचा बंदोबस्त करणे. सूचक, अनुमोदक, ठराव एकमताने मंजूर. माणसं एकमताने काय वाटेल ते मंजूर करतात.

वादकांनी एकत्र राहावं कसं, हे आपल्याकडे गोव्याच्या लोकांना फार आधी जमलं. चर्चच्या गावशाळेत मेस्त्रींकडून, म्हणजे तिथल्या संगीतशिक्षकांकडून, स्वरलिपी शिकायची, व्हायोलिन नाहीतर ट्रम्पेट घ्यायचं आणि मुंबईला यायचं. धोबीतलावाच्या आसपास त्यांच्या कूडी होत्या, गावागणिक एक. एका गावची कूड म्हणजे मोठी खोली, भिंतीकडेने पेट्या, कोपऱ्यात देव्हारा, महिन्याची ठरलेली वर्गणी आणि संध्याकाळी तेर्सासाठी, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेसाठी, हजेरी. बोटीवर जाणारे खलाशी आणि काम शोधणारे वादक तिथे शेजारी शेजारी पथारी पसरत. हॉटेलातला बँड, मग सिनेमाचं रेकॉर्डिंग. सिनेमावाल्या वादकांची पुढे असोसिएशन झाली, वादकाची श्रेणी ठरू लागली आणि श्रेणीवर पाळीचा मेहनताना. मग सिंथेसायझर आला, एक माणूस दहा वाद्यांचं काम करू लागला, आणि श्रेणी राहिली, पाळ्या गेल्या.

मी पहिला सॅक्सोफोन जवळून पाहिला तो वाईला, आत्याच्या लग्नात. बँडवाल्यांची पंगत सगळ्यात शेवटी, परसात, विहिरीच्या कडेला. मी मठ्ठा वाढत होतो. वाद्यं ओसरीत पोत्यावर मांडून ठेवली होती, त्यात हे वाकडं, पितळी, कळांवर शिंपल्याच्या टिकल्या असलेलं प्रकरण. एक कळ दाबली, 'टप्' असा ओला आवाज आला. लगेच मागून, "दाब, दाब, काय होत नाही." वाजवणारा माणूस ताटावरून उठून, हात धुऊन आला होता. त्याने खिशातून डबी काढली, डबीतून बोरूची चपटी पट्टी, ती जिभेवर ठेवली आणि तोंडात धरूनच माझ्याशी बोलत राहिला. भिजल्यावर उजेडाकडे धरून पाहिली, मुखनळीच्या टोकाला नखाने सारून बसवली, केसाइतकी खालीवर केली, दोन स्क्रू आवळले. "फुंक," म्हणाला. मी फुंकलं. नुसती हवा. "गाल फुगवू नकोस, खालचा ओठ दातावर घे." पुन्हा हवा. तो हसला नाही. म्हणाला, "मला तर पहिले आठ दिवस लागले."

त्यांचा मास्तर क्लॅरिनेट वाजवायचा, टोपीला तुरा असलेला. आपली सगळी माणसं उठेपर्यंत तो जेवायला बसला नाही. कोणाचं पान रिकामं आहे ते बघत उभा. नंतर त्याला आमटी उरली नव्हती, आजीने त्याच्यापुरतं पिठलं टाकलं.

मागच्या बैठकीत पॉलिटेक्निकवाला मुलगा एका बँडवाल्या बाबांना घेऊन आला. वय साठीच्या पुढे, पांढरा शर्ट, तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत वराती, मग गणपती, उरलेल्या दिवसांत भाजीची गाडी. वाद्य मेरठचं, घरातलं जुनं. एका कळेची स्प्रिंग गेलेली, तिथे रबरबँड लावलेला. आमच्या लोकांची चकचकीत जपानी वाद्यं त्यांनी लांबूनच पाहिली, हात लावला नाही. अध्यक्षांनी वाजवायचा आग्रह केला. त्यांनी ट्यूनरकडे न बघता, रबरबँडसकट, तेच गाणं वाजवलं, ज्याची आम्ही पाळ्या लावून वाटणी केली होती. सगळं, एकट्याने, उभं राहून, चालत वाजवायची सवय असल्याने जरा डुलत. दंतवैद्य बाईंनी त्यांना 'मास्तर' म्हटलं आणि तेव्हापासून सगळेच म्हणू लागले.

चहा झाल्यावर खजिनदारांनी नवीन सभासदाचा फॉर्म पुढे केला. बाबांनी तो वाचला, वर्गणी किती ते विचारलं, खिशाकडे हात नेला आणि थांबले.

"साहेब, मेंबर झालं की कामं मिळतात का?"

कुणी काही बोललं नाही. खजिनदार म्हणाले, तसं नाही, आपलं हे हौशी मंडळ आहे, आनंदासाठी. "बरोबर आहे," बाबा म्हणाले, आणि फॉर्म घडी करून खिशात ठेवला, उद्या पोराकडून भरून आणतो म्हणून.

'आयत्या वेळचे विषय' या मथळ्याखाली मी लिहिलं, 'नवीन सभासदांबाबत चर्चा झाली.' पुढची बैठक दुसऱ्या रविवारी. तिघांची वर्गणी यायची आहे.