मागच्या भिंतीवरची मांडणी: आमची वाटचाल

चिपळूणजवळ खेर्डीला आमचा दुरुस्तीचा गाळा आहे. ग्रास कटर, चेन सॉ (पट्टीवर साखळी फिरवून लाकूड कापणारी करवत), फवारणीचे पंप, पॉवर टिलर असं सगळं इथे येतं. मागच्या भिंतीला एक लोखंडी मांडणी आहे आणि तिच्यावर पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे चेन सॉ ओळीने ठेवलेत. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, हे विकायचे आहेत का? विकायचे नाहीत. पण आम्हाला जे काही काम येतं त्यातलं बरंचसं या मशीनांनी शिकवलं, म्हणून धंद्याची गोष्ट सांगताना त्यांना वगळता येत नाही.

माझे वडील आंबा बागायतदारांचे फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. मोहोराच्या दिवसांत पंप बंद पडला तर बागायतदार रात्रीसुद्धा दारात उभा असायचा. इंजिन कोणतंही असो, आधी ठिणगी बघायची, मग पेट्रोल, मग दाब, हा त्यांचा क्रम. गाळ्यात आजही तोच चालतो. मी आयटीआय करून काही वर्षं लोट्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. २०११ साली ते सोडून वडिलांच्या शेजारी स्टूल मांडलं. तोवर बागेतलं रान काढायला ग्रास कटर आले होते आणि त्यांच्या मागोमाग चेन सॉही.

त्याच सुमारास मुंबईत दारूखान्याच्या भंगारात बेअरिंगं शोधताना स्टिल कंपनीचा एक कॉन्ट्रा चेन सॉ हाती लागला. वजनावर विकायला ठेवला होता. हे मॉडेल १९५९ सालचं, जर्मनीतलं. गिअर नाही, साखळी थेट इंजिनच्या वेगाने फिरते. सहा हॉर्सपॉवर आणि वजन सुमारे १२ किलो. याच कंपनीचा १९२६ सालचा विजेवरचा पहिला चेन सॉ ६४ किलोचा होता आणि तो धरायला दोन माणसं लागायची. एमिल लेर्प यांनी १९२७ साली थुरिंगियातल्या डोल्मार डोंगरावर चालवून दाखवलेला पेट्रोलचा सॉ ५८ किलोचा होता. त्या डोंगराचंच नाव पुढे त्यांच्या कंपनीला मिळालं. दोन माणसांचं ओझं तीसेक वर्षांत एका माणसाच्या हातात आलं कसं, ते मला कॉन्ट्रा उघडून बघायचं होतं.

त्याची दोन मोठी उत्तरं आत सापडली. एक म्हणजे मॅग्नेशियमचं हलकं कवच. दुसरं कार्बुरेटर. जुन्या कार्बुरेटरमध्ये पेट्रोलची वाटी आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट असायचा. मशीन आडवं केलं की फ्लोट अडायचा, इंजिन बंद. उभं झाड आडवं कापायचं तर सॉ आडवाच धरावा लागतो, म्हणून इंजिन सरळ ठेवून नुसती पट्टी वळवायची सोय काही सॉमध्ये केलेली असायची. डायाफ्रामचा कार्बुरेटर आल्यावर ही कटकट मिटली. रबराचा पातळ पडदा क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर हलतो आणि पेट्रोल ओढून घेतो, मग मशीन उलटं धरलं तरी चालतं. आज आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक चेन सॉमध्ये आणि बहुतेक टू-स्ट्रोक ग्रास कटरमध्ये हीच रचना आहे. ती मी पहिल्यांदा नीट समजून घेतली ती कॉन्ट्राच्या पोटात.

आपल्या हवेत मॅग्नेशियम टिकवणं कठीण. खाऱ्या दमट वाऱ्याने त्यावर पांढरी भुकटी धरते आणि रंगाखालून धातू खात जाते. रंग काढताना ग्राइंडर लावायचा नाही, कारण मॅग्नेशियमचा बारीक कीस पेट घेतो आणि त्यावर पाणी टाकलं तर आग अजून भडकते. आम्ही हाताने घासतो आणि जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवतो. अडकलेल्या पिस्टनवर घाव घालायचा नाही. डिझेल आणि तेल ओतून ठेवायचं, रोज फ्लायव्हील हलवून बघायचं आणि वाट बघायची. मग ठिणगी पाडणारे पॉइंट घासून ०.४ मिलिमीटरची फट लावायची. कंडेन्सर मूळचा मिळत नाही, जुन्या मोपेडचा चालतो. क्रँकची ऑइल सील मापाने शोधावी लागतात आणि त्यासाठी मुंबईत नागदेवीच्या बाजारात जाण्याला पर्याय नाही. सगळं बसवल्यावर सायलेन्सरची आणि कार्बुरेटरची तोंडं रबर-पत्रीने बंद करून आत हवा भरायची आणि साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला तर पुन्हा उघडायचं. ही हवेची चाचणी आम्ही आता गिऱ्हाइकाच्या नव्या मशीनलाही करतो. टू-स्ट्रोक इंजिन बाहेरची जादा हवा ओढायला लागलं की पेट्रोलबरोबर येणारं तेल कमी पडतं आणि पिस्टन जळतो. पिस्टन बदलला आणि गळती तशीच राहिली तर नवा पिस्टनही जाणारच. ही चाचणी केल्याशिवाय पिस्टन बदलायचा नाही, असा आमच्याकडे नियमच आहे.

साखळीबद्दल तर मला बोलावं तेवढं थोडं. १९४६ साली अमेरिकेत ओरेगॉनच्या जंगलात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी निरखत बसला होता. ती जबड्याने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कुरतडत पुढे जाते, हे त्याने हेरलं आणि तशा एकाआड एक दातांची साखळी बनवली. १९४७ साली पोर्टलंडमध्ये घराच्या तळघरात तिचं उत्पादन सुरू केलं. जगभरातल्या चेन सॉच्या साखळ्या आजही मूळ त्याच कल्पनेवर चालतात. आमच्याकडच्या बागायतदारांना हे ऐकून फार नवल वाटतं, कारण आंब्याचं खोड पोखरणाऱ्या भिरुडाशी त्यांचं जन्माचं वैर!

धार लावणं हे आमचं रोजचं काम. ३/८ इंच मापाच्या साखळीला ५.२ मिलिमीटरची गोल कानस, .३२५ इंचाच्या साखळीला ४.८ ची, कोन ३० अंशांचा. डाव्या-उजव्या दातांची लांबी सारखी ठेवावीच लागते, नाहीतर काप एका बाजूला वळत जातो. कापताना लाकडाचे कपटे उडत असतील तर धार आहे. पीठ पडायला लागलं की थांबावं. पीठ पडत असताना जोर लावून दाबत राहणारा माणूस मशीन आणि पाठ दोन्ही झिजवतो, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड भागात माडा-पोफळीच्या, आंब्याच्या बागा झोपल्या. लॉकडाऊन होतं, स्पेअर पार्ट बंद होते आणि मशीनं मात्र अखंड चालत होती. गाडीत साखळ्या, प्लग, डायाफ्राम भरून आम्ही गावोगाव फिरलो. मूळ पार्ट नाही म्हणून मशीन परत पाठवायचं नाही असं ठरवलं होतं, आणि जुन्या मशीनांवर केलेले खटाटोप तेव्हा उपयोगी पडले. डायाफ्राम पोथीसारखा जपून काढला, गॅस्केट कागदातून कापली, फाटलेल्या नळीच्या जागी दुसरी बसवली. पडलेलं झाड उभ्यापेक्षा जास्त धोक्याचं, हेही तेव्हाच डोळ्यांनी पाहिलं. वाकून ताणलेली फांदी चुकीच्या बाजूने कापली तर ती माणसाला उडवते.

पुढच्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी गाळ्यात शिरलं. मांडणी पूर्ण बुडाली. पाणी ओसरल्यावर एकाही इंजिनची दोरी ओढायची नाही, एवढं सगळ्यांना बजावलं. आत बारीक गाळ असतो, बेअरिंग एका फेरीत खलास होतं. आधी गिऱ्हाइकांची मशीनं उघडली, धुतली, डिझेलमध्ये बुडवली, वाळवली. आमची त्यानंतर. मशीनं वाचली. वडिलांनी आणि मी जमवलेले पार्टांचे जुने छापील तक्ते मात्र लगदा झाले, आणि ते दुसरीकडे मिळण्यासारखे नव्हते. म्हणून माझ्या पत्नीने मोठं रजिस्टर घातलं. कोणत्या मॉडेलला कोणत्या मापाचं सील, कोणतं बेअरिंग, कोणत्या दुसऱ्या गाडीचा कोणता पार्ट चालतो, सगळं मराठीत, हाताने काढलेल्या आकृत्यांसह. कार्बुरेटरचं सगळं काम तीच बघते आणि आमच्या भागात तिच्याइतकं बारीक काम करणारं दुसरं कोणी मला माहीत नाही. रजिस्टर आता टेबलावर असतं आणि त्याचे फोटो गाळ्यात काम करणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मोबाइलमध्ये आहेत.

आयटीआयमधून आमच्याकडे येणाऱ्या मुलाला आधी मांडणीवरचं मशीन देतो. त्याने ते पूर्ण खोलायचं, जोडायचं, अकेशियाच्या ओंडक्यात चालवून दाखवायचं. नव्या मशीनमध्ये बरंच काही बंद डबीत असतं, जुन्यात कारण आणि परिणाम समोर दिसतात. ठिणगी पॉइंट उघडताना पडते हे डोळ्यांनी बघितलेला मुलगा पुढे इलेक्ट्रॉनिक कॉइलला घाबरत नाही.

मग विकत का नाही? त्या काळच्या सॉला चेन ब्रेक नाही. पट्टीचं टोक लाकडाला लागलं की सॉ क्षणात उसळून तोंडाकडे येतो. साखळी तिथल्या तिथे थांबवणारा ब्रेक १९७० च्या दशकात आला. कॉन्ट्राला कंप शोषणारी रबरंही नाहीत, आणि वर्षानुवर्षं तसला कंप हातात गेला की बोटांतलं रक्त उतरून ती पांढरी पडतात, बधिर होतात. दिवसभर मजुरीने झाडं तोडणाऱ्या माणसाच्या हातात असं मशीन देणार नाही, कितीही पैसे दिले तरी. ब्रेक तुटलेलं नवं मशीन नुसतं चालू करून द्या म्हणणारे येतात, त्यांनाही आम्ही ब्रेक दुरुस्त केल्याशिवाय मशीन परत देत नाही. काही गिऱ्हाइकं यामुळे गेली. जाऊ देत.

सध्या सर्वात जास्त काम देतंय ते पेट्रोल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि जुन्या रबराचे पडदे त्यात फुगतात, ताठ होतात. पावसाळा संपल्यावर टाकी भरलेली ठेवून मशीन माळ्यावर टाकलं तर पुढच्या जूनला कार्बुरेटर आमच्याकडे येणार हे नक्की. टाकी रिकामी करा, इंजिन चालवून आतलं पेट्रोल संपवा, मग ठेवा. जुन्या सॉमध्ये आम्ही इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या बसवत आलोय.

कोकणात, घाटावर कुणाच्या पडवीत किंवा वखारीच्या कोपऱ्यात जुना चेन सॉ पडून असेल तर भंगारात देण्याआधी आम्हाला दाखवा. अर्धा असला तरी चालेल, झाकण नसलं, टाकी फुटली असली तरी चालेल. तुमचा तुम्हाला ठेवायचा असेल तर बघण्यापुरता, दिवाळीला एखादा ओंडका कापण्यापुरता चालू करून देऊ. तोवर दोरी मात्र ओढू नका. प्लग काढा, भोकातून दोन चमचे टू-स्ट्रोक तेल सोडा, प्लग हाताने परत लावा आणि तसाच घेऊन या.