सत्यावर भार टाकून बसलेला माणूस

रविवार, रात्री

आज 'डार्क वॉटर्स' पाहिला. टॉड हेन्सचा २०१९ सालचा चित्रपट, वकिलाच्या भूमिकेत मार्क रफालो. वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळचा ड्यूपाँट कंपनीचा कारखाना, टेफ्लॉन बनवताना वापरलं जाणारं पीएफओए हे रसायन, ते मिसळलेलं पाणी आणि त्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडणारा रॉब बिलॉट. सगळं खरं घडलेलं. भक्तिपट म्हणून कोणी हा लावणार नाही. मला मात्र तो पाहताना सारखी साधनेचीच आठवण येत राहिली, आणि ते लिहून काढल्याशिवाय झोप लागणार नाही.

सुरुवात एका शेतकऱ्यापासून होते. विल्बर टेनंट. त्याच्या घरच्यांनी विकलेल्या जमिनीवर कंपनीने कचरा टाकायला सुरुवात केली, तिथून येणारा ओढा त्याच्या कुरणातून वाहायचा आणि गाई मरू लागल्या. दीडशेच्या वर गेल्या. तिथले वकील, पशुवैद्य, अधिकारी, कोणीही त्याला दारात उभं केलं नाही. मग त्याने स्वतः कॅमेरा घेतला, ओढ्यावरचा फेस टिपला, मेलेली गाय कापून आतले अवयव कॅमेऱ्यासमोर धरले. एकटाच बोलत राहिला, कोणीतरी कधीतरी पाहील म्हणून. हा माणूस मला साक्षी वाटतो. लांबून तटस्थपणे पाहणारा नव्हे. जे दिसलं त्याच्याकडे पाठ फिरवायला नकार देणारा.

१९९८ मध्ये तो सिनसिनाटीला बिलॉटकडे पोचला. बिलॉट तर रसायन कंपन्यांच्या बाजूने काम करणाऱ्या फर्मचा वकील, त्याच वर्षी भागीदार झालेला. त्याची आजी त्या भागातली, एवढाच धागा. पण त्याने ऐकून घेतलं. पुढे कंपनीकडून खोकीच्या खोकी कागद आले, एक लाखाहून जास्त पानं. तो ऑफिसच्या जमिनीवर बसून महिनोन्महिने ती तारीखवार लावत राहिला. नळाच्या पाण्यात हे रसायन उतरलंय हे कंपनीला १९८४ मध्येच ठाऊक होतं, हे असं एकेक पान वाचूनच बाहेर आलं. ही दृश्यं काहींना कंटाळवाणी वाटतील. मला तीच सगळ्यात प्रिय. इतकं अखंड लक्ष एका गोष्टीला देणं, तेही दुसऱ्याच्या दुःखासाठी, याला मी तरी ध्यानच म्हणेन.

पण खरं मोठं वळण पुढे आहे, आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही. २००४ मध्ये ते पाणी पिणारे गावकरी आणि कंपनी यांच्यात तडजोड झाली. मिळालेल्या रकमेतले सात कोटी डॉलर लोकांना वाटून प्रकरण मिटवता आलं असतं. त्याऐवजी ते पैसे लोकांच्या आरोग्याची पाहणी करण्यात घातले. रक्त देणाऱ्याला चारशे डॉलर. जवळपास ६९,००० माणसं आली. दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तीन शास्त्रज्ञांनी ठरवायचं, की या रसायनाचा आजारांशी संबंध आहे का. संबंध निघाला तर कंपनीने तो नाकारायचा नाही. नाही निघाला, तर लोकांचा दावाच संपला. म्हणजे सगळं सत्याच्या पायाशी ठेवून दिलं, आणि ते आपल्या बाजूने बोलेल याची खात्री कोणालाच नव्हती. श्रद्धेची याहून कठीण परीक्षा मला तरी ठाऊक नाही.

आणि मग वाट पाहणं. सात वर्षं. उत्तर येत नाही. गावात रोष, घरात ताण, बिलॉटची तब्येत ढासळते. २००९ मध्ये कर्करोग झालेला टेनंट हृदयविकाराच्या झटक्याने जातो. निकाल आला २०१२ मध्ये: मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार यांसह सहा आजारांशी संबंध असण्याची शक्यता जास्त. ज्याने पहिली हाक दिली, त्याने ते ऐकलं नाही.

इथे कोणी पटकन 'निष्काम कर्म' म्हणेल. मला ते पटत नाही. बिलॉट निष्काम मुळीच नाही. त्याला न्याय हवा आहे, तो चिडतो, खचतो, भीतीने थरथरतो. फळाची आस असूनही, फळ दिसत नसताना तो जागचा हलत नाही. मला हे जास्त जवळचं वाटतं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली, न्याय मागणारी ती विधवा आठवली. न्यायाधीश ना देवाला भितो ना माणसांना जुमानतो, आणि तरी ती रोज त्याच्या दारात जाते. शेवटी कंपनी शब्द फिरवते, एकेक खटला वेगळा लढायचं ठरवते, आणि बिलॉट पुन्हा कोर्टात उभा राहतो. न्यायाधीश विचारतात, अजून इथेच? तो म्हणतो, अजून इथेच. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

आपलं रक्षण आपणच करायचं, कंपन्या नाही, सरकार नाही, असं तो एका क्षणी संतापून बायकोला सांगतो. हा नास्तिकपणा म्हणायचा का? मला वाटत नाही. देव माणसांच्या हातांनीच काम करत असेल, तर हे वाक्य प्रार्थनेच्या फार जवळ जातं. त्या बायकोबद्दल, साराबद्दल, चित्रपटाने आणखी सांगायला हवं होतं. नवऱ्याच्या या तपाची किंमत तिनेही मोजली, तिची साधना मात्र चौकटीच्या कडेलाच राहिली.

सर्वांभूती एकच तत्त्व आहे, असं आपण किती सहज म्हणतो. हे रसायन आज पृथ्वीवरच्या जवळपास प्रत्येक माणसाच्या रक्तात सापडतं. गाईच्या, शेतकऱ्याच्या, वकिलाच्या, ते बनवणाऱ्याच्याही. आपण वेगळे नाही हे इतक्या भयंकर रीतीने सिद्ध व्हावं! तरीही ते सिद्ध झालंच आहे, आणि बिलॉटने ते शब्दशः घेतलं. चित्रपटाच्या कथेनंतरची हकीकत अशी: २०१७ मध्ये साडेतीन हजारांवर खटले ६७ कोटी डॉलरच्या आसपास मिटले, आणि २०१८ मध्ये त्याने रक्तात ही रसायनं असलेल्या साऱ्या अमेरिकी लोकांसाठी नवा दावा लावला. मागणी तीच, शास्त्रज्ञ नेमा आणि या रसायनांनी आपल्या शरीराचं काय होतं ते शोधा. २०२३ मध्ये वरच्या न्यायालयाने तो दावा टिकत नाही असं ठरवलं. त्याचं काम थांबलेलं नाही.