आईचा बंब आणि आइसलँडचा झरा

परवा सकाळी गिझर गेला. म्हणजे लाल दिवा लागतोय पण पाणी गारच, दहा मिनिटं थांबलो, परत तोटी सोडून बघितली, गारच. इलेक्ट्रिशियनला फोन केला तर म्हणे कॉइल गेली असणार, संध्याकाळी येतो. तेवढ्यात आई बाहेरून ओरडली, "बंब बिघडला का रे?" आमच्या घरातून बंब जाऊन पस्तीसेक वर्षं झाली असतील, पण आईच्या तोंडातून काही तो गेलेला नाही, भिंतीवरच्या पंधरा लिटरच्या पांढऱ्या डब्यालाही ती बंबच म्हणते आणि तो लावायचा नाही तर 'पेटवायचा' असतो.

मग काय, गॅसवर पातेलं चढवलं आणि टॉवेल खांद्यावर टाकून उभा राहिलो, आणि अशा वेळी डोक्यात नको ते किडे वळवळतात तसे वळवळले.

गिझर हे नाव आलंय थेट आइसलँडवरून. तिथे हाउकादालुर नावाच्या खोऱ्यात गरम पाण्याचा एक झरा आहे, त्याचं नाव गेसीर, उसळणं या अर्थाच्या तिकडच्या क्रियापदावरून पडलेलं. म्हणजे हे त्या एका झऱ्याचं विशेषनाम, पण जगाने तसल्या सगळ्याच झऱ्यांना तेच नाव चिकटवलं, जसं कुणी गल्लीतल्या मोत्याला बघून समस्त कुत्र्यांना मोती म्हणावं. खुद्द आइसलँडच्या लोकांचा अशा झऱ्यांसाठीचा शब्द वेगळाच आहे. आणि गंमत म्हणजे हा मूळ गेसीर हल्ली बहुतेक वेळ झोपलेलाच असतो, शेजारचा स्ट्रोक्कुर मात्र दर पाच-दहा मिनिटांनी पाणी उडवतो. स्ट्रोक्कुर म्हणजे लोणी काढायचं घुसळण! हे वाचून मला तो देश एकदम जवळचा वाटायला लागला.

हे झऱ्याचं नाव न्हाणीघरात आणलं ते लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉनने, 1868 साली. हा पेशाने पेंटर. त्याच्या यंत्रात खाली गॅस जळायचा आणि त्याच्या झळांमधून पाणी खाली येऊन गरम व्हायचं, पण धूर बाहेर काढायला नळकांडंच नव्हतं, सगळा विषारी वायू आंघोळ करणाऱ्याच्या सोबतीला. नाव मात्र झोकात. आता इंग्लंडमध्ये लोक बॉयलर म्हणतात, गिझर म्हणणारे उरलो आपण आणि दक्षिण आफ्रिकेवाले.

आणि बंब? तो पोर्तुगीज, बोंबा म्हणजे पंप. आगीचा बंब त्यातूनच आला, आणि त्याच शब्दाने आपण पाणी तापवायचं भांडंही पुकारतो, म्हणजे एक बंब आग विझवतो आणि दुसऱ्याच्या पोटातच आग. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' म्हणतात त्यातला बंब पहिला, आमच्या मोरीतला दुसरा. तसं बघितलं तर आपल्या मोरीत पोर्तुगीज बरंच सांडलंय, बादली त्यांची, पिंप त्यांचं, घमेलंही त्यांचंच.

आमचा बंब तांब्याचा होता. मधून नळी, तिच्यात वरून शेणी, करवंट्या, चिपाडं टाकायची, खाली जाळीतून राख पडायची आणि नळीभोवती पाणी. आजीचा एकच कायदा, गरम जेवढं घेतलं तेवढं गार ओतायचं. कारण बंब कोरडा पडला की सांध्यांचा डाख सुटायचा आणि मग तो डाखायला न्यायचा म्हणजे दोन दिवस सगळ्यांची गार पाण्याने आंघोळ, आणि कुणी ओतलं नाही याची चौकशी त्याहून जास्त दिवस. (बहुतेक वेळा मीच असायचो.) खालच्या राखेत रताळं पुरून ठेवायचं, आंघोळ होईस्तोवर भाजून निघायचं, वरून काळं कोळसा, आतून मऊ आणि धुराचा वास असलेलं. दिवाळीच्या आधी चिंच लावून बंब घासायचं काम पोरांचं, घासून घासून बोटं सुरकुतायची पण मग तो असा लखलखायचा की त्यात आपलंच तोंड लांबट दिसायचं.

नंतर गिझर आला आणि बंब मोडीत गेला, वजनावर. आई तेव्हा काही बोलली नव्हती.

संध्याकाळी इलेक्ट्रिशियन आला, वीस-बावीस वर्षांचा पोरगा, कॉइल काढून दाखवली तर तिच्यावर क्षाराचा पांढरा थर असा की कॉइल कुठली आणि चुना कुठला कळेना. आईने दारातूनच त्याला विचारलं, "बंब झाला का रे नीट?" पोरगं जरा बावरलं, माझ्याकडे बघितलं, मग म्हणालं, "झाला आजी, पेटवून बघा."