बारावी पास चालेल

माझं शिक्षण बारावी कॉमर्स, 1996. मग लग्न, मग नारायण पेठेत दीड खोलीत फॉल-पिकोचं मशीन. ते अजून चालू आहे. लग्नकार्यात कुणी "तुमचं शिक्षण किती हो?" असं विचारलं की मी वाढायला उठते. पण जवळच्या होस्टेलमधली एक मुलगी ड्रेसची चेन बदलून घ्यायला आली होती, तिनेही हेच विचारलं, आणि उत्तर ऐकून म्हणाली, "अय्या काकू, मग तुम्ही चालाल!"

तिला दिसत नाही. बी.ए.च्या पेपरला लेखनिक, म्हणजे ती सांगेल ते उत्तर लिहून देणारं माणूस, हवं होतं आणि मिळत नव्हतं, कारण मैत्रिणी सगळ्या तिच्याच वर्गातल्या. तेव्हा नियम असा होता की परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल तर त्याचं शिक्षण एक पायरी खाली असावं. केंद्र सरकारच्या 2018 सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच ते आहे. पदवीच्या पेपराला बारावी. मी रखडत का होईना बी.कॉम. झाले असते तर माझा काही उपयोग नव्हता.

तेव्हापासून दर सेमिस्टरला जाते. कॉलेजात तोंडी सगळे 'रायटर' म्हणतात, फॉर्मवर 'लेखनिक'. मी ज्यांच्यासाठी लिहिते त्यांची नावं इथे देणार नाही. तशीही मी त्यांना विषयावरूनच ओळखते. माझ्या फोनमध्ये राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र असेच नंबर सेव्ह आहेत. राज्यशास्त्राचा फोन आला की नवरा म्हणतो, "घे, दिल्लीहून आला."

पेपरापेक्षा आधीची कागदपत्रंच जास्त. माझ्या बारावीच्या मार्कशीटची झेरॉक्स, आधार, दोन फोटो, हमीपत्र, तिचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, अर्जावर प्राचार्यांची सही-शिक्का. हे सगळं करूनही परीक्षेच्या दिवशी कुणीतरी विचारतंच, "तुम्ही तिच्या कोण?" कुणीच नाही, हे उत्तर लोकांना पटत नाही. आई, मावशी, निदान शेजारीण तरी असायला हवी. कुणीच नसताना बाई चार तास येऊन बसते म्हणजे एक तर ही पैसे घेते, नाही तर उत्तरं सांगते. तिसरा प्रकार म्हणजे "फार पुण्याचं काम करता हो". हा मला सगळ्यात जास्त टोचतो. पुण्य मिळवायला मी काही तिथे जात नाही. मला पेपर आवडतात. लोकांना क्रिकेट आवडतं, तसे मला पेपर.

खोली बहुतेक वेळा वेगळी देतात, तळमजल्यावर. कधी स्टाफरूमचा कोपरा, कधी जुन्या कपाटांची खोली. आम्ही दोघी आणि एक सुपरवायझर. तीन तासांच्या पेपराला एक तास जादा, कारण तासाला किमान वीस मिनिटं द्यावीत असं नियमातच आहे. "एवढा वेळ कशाला, तुम्ही तर भराभर लिहिताय" असं एका सुपरवायझर सरांनी मला विचारलं होतं. तो वेळ माझ्या लिहिण्यासाठी नसतो. पेपर उलटून मागचा प्रश्न बघणं, आपलं वरचं वाक्य काय होतं ते पाहणं, दोन शब्द खोडणं, हे डोळस मुलगी क्षणात करते. इथे प्रत्येक वेळी सांगावं लागतं, "काकू, शेवटची दोन वाक्यं वाचा." मी वाचते, ती ऐकते, मग विचार करते. एक तास त्यात कुठे जातो कळत नाही.

आधी सगळी प्रश्नपत्रिका दोनदा वाचायची. राज्यशास्त्र, म्हणजे ती मुलगी, हे ऐकताना बोटं मिटते. येतो तो प्रश्न आला की एक बोट मिटलं. दुसऱ्या वाचनानंतर हात पुढे करून म्हणते, "झाले पुरेसे, चला." इतिहास स्वतःची ब्रेल पाटी आणि स्टायलस घेऊन येते आणि मुद्दे टोचून ठेवते. एकदा सुपरवायझर मॅडमनी तिचा कोरा कागद उजेडाला धरून बघितला होता, काही लिहून आणलंय का म्हणून. बोट फिरवून बघायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

सांगण्याचीही एक रीत असते आणि ती शिकावी लागते. या मुली अभ्यास ऐकून करतात. मोबाइलवर, नाही तर लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे ते पडद्यावरचं वाचून दाखवतं, आणि त्यांनी त्याचा वेग इतका वाढवलेला असतो की मला ते मराठी आहे हेही ओळखू येत नाही. तेवढ्याच वेगाने त्या उत्तर सांगायला लागतात. माझा हात किती वेगाने चालतो ते त्यांना माहीत नसतं. म्हणून आधी भेटून एक जुना प्रश्न लिहून बघायचा. सहा-सात शब्द, थांबा, मग पुढे. आणि स्वतःशी पुटपुटणं कुठलं, लिहायचं कुठलं हे ठरवून घ्यायचं. आमचं ठरलेलं आहे, 'लिहा' म्हटल्याशिवाय पेन टेकवायचं नाही. नियमात परीक्षेच्या दोन दिवस आधी लेखनिकाला भेटू द्यावं असं आहे. प्रत्यक्षात ऐन वेळी अकरावीतल्या एखाद्या पोराला वर्गातून उठवून आणून बसवतात. त्याला 'सार्वभौमत्व' लिहिता येत नाही आणि हिला ते कळतही नाही. निकाल लागतो तेव्हा मार्क मात्र हिचे जातात.

शुद्धलेखनाचंच बघा ना. ती 'स्थिती' म्हणते. वेलांट्या मी देते. मग चुकली तर चूक कुणाची? ब्रेल शिकलेल्या मुलींना ऱ्हस्व-दीर्घ पक्कं असतं, कारण ब्रेलमध्ये दोन्हींचे टिंब वेगळे. इतिहासाने आयुष्यात वेलांटी पाहिलेली नाही, पण ती मला दरडावून सांगते, "दुसरी वेलांटी काकू, दुसरी!" आणि माझीच पहिली पडलेली असते. ज्यांचं सगळं शिक्षण कानांवर झालं त्यांना मात्र कळायला मार्ग नाही. त्यांनी विचारलं तर मी अक्षर अन् अक्षर फोडून सांगते, नाही विचारलं तर मला जसं येतं तसं लिहिते. मराठीच्या वाङ्मयाचा पेपर असला की आदल्या रात्री मी शुद्धलेखनाचं पुस्तक चाळते. इंग्रजीचा पेपर मी घेतच नाही. वेगवेगळ्या पेपरांना वेगवेगळे लेखनिक चालतात, तेव्हा त्यासाठी त्यांनी दुसरी शोधावी.

आता अवघड गोष्ट. उत्तर चुकतंय हे कळत असताना तसंच लिहायचं.

महात्मा फुल्यांवरचा प्रश्न होता. पेपर देणारी मुलगी म्हणाली, लिहा, "सत्यशोधक समाजाची स्थापना 1848 साली पुण्यात झाली." फॉल आणि रिळं आणायला रविवार पेठेत जाताना मी भिडेवाड्यावरून कित्येक वर्षं गेलेय. 1848 ही तिथल्या मुलींच्या शाळेची साल आहे, हे बुधवार पेठेतल्या कुणालाही विचारा. सत्यशोधक समाज 1873 चा, हे तर मला तिनेच अभ्यास करताना ऐकवलं होतं. बोलायचं नाही हे सोपं आहे, तोंड बंद ठेवता येतं. पण हात थांबता कामा नये, हे जास्त कठीण. दिसत नसलं तरी तिला पेनाची खरखर ऐकू येते. खरखर थांबली की तिला कळतं, काहीतरी चुकलंय. म्हणजे माझं नुसतं थांबणं हेसुद्धा कॉपी देणंच झालं. मी त्याच वेगाने 1, 8, 4, 8 लिहिलं. शेवटी सगळं उत्तर वाचून दाखवलं तेव्हाही त्याच चालीत वाचलं. तिने दुसरा एक परिच्छेद दुरुस्त केला आणि हे तसंच राहिलं. पेपर देऊन आम्ही जिना उतरत होतो तेव्हा ती मधल्याच पायरीवर थांबली. "अठ्ठेचाळीस म्हणाले ना मी?" मी म्हटलं, हो. "तुम्हाला माहीत होतं?" हो. "बरं झालं बोलला नाहीत," ती म्हणाली, आणि मग खाली येईपर्यंत स्वतःलाच शिव्या देत होती.

कोविडच्या काळात पेपर ऑनलाइन आणि बहुपर्यायी झाले तेव्हा तर याहून नाजूक काम. चार पर्याय वाचायचे, आणि बरोबर पर्यायावर आवाज आपोआप जड होतो. ज्यांचं जगणंच कानांवर चालतं त्यांना ते लगेच कळतं. म्हणून मी घरी सराव केला. क, ख, ग, घ, रेल्वे स्टेशनवर गाड्या पुकारतात तशा सुरात. मुलगा म्हणायचा, आई, तू यंत्र झालीस.

अर्थशास्त्राचा पेपर मात्र मला फार आवडतो. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना आकृतीच्या जागी पर्यायी प्रश्न द्यावा असं आहे, पण कधी कधी 'आकृतीसह स्पष्ट करा' तसंच छापून येतं. त्या वेळी अर्थशास्त्राने मला आकृती तोंडी सांगितली. आडव्या अक्षावर मागणी, उभ्या अक्षावर किंमत, रेषा डावीकडे वरून सुरू होऊन उजवीकडे खाली उतरते, दोन्ही टोकांना 'म' लिहा. आरपी म्हणजे डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होण्याचा आजार आहे त्याला. नववी-दहावीपर्यंत थोडं दिसायचं. पट्टी लावून मी रेष ओढली तर म्हणतो, "काकू, अक्षांना चिकटवली नाहीत ना?" नव्हती चिकटवली. कापडावर खडूने रेघा मारण्यात हयात गेली माझी.

मानसशास्त्राला दिसतं सगळं. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, हात ऐकत नाहीत आणि शब्द यायला वेळ लागतो. सगळं जग तिची वाक्यं पुरी करत असतं. रिक्षावाला, डॉक्टर, आत्या, सगळे. पुढचा शब्द काय येणार हे मलाही बऱ्याचदा कळतं. पण तो तिने म्हटल्याशिवाय लिहायचा नाही, आणि चेहऱ्यावर घाईही दाखवायची नाही, कारण तिला चेहरा दिसतो. पहिल्या भेटीत मला तिचं निम्मं बोलणं कळलं नव्हतं. ती तीनदा होस्टेलच्या पायऱ्यांवर माझ्याशी नुसत्या गप्पा मारायला बसली, कान तयार करायला. त्या गप्पांत मला कळलं की ती भयंकर टोमणे मारते. हे तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना माहीत नसेल, तेवढा वेळ कोण थांबतो?

तिच्याच ओळखीचा एक मुलगा होता. लिहायला लागला की बोटं आखडतात, बाकी काही नाही. त्याला एका ठिकाणी सांगितलं, डोळे चांगले आहेत, हातपाय आहेत, रायटर कशाला? तो कायद्याचा विद्यार्थी, त्यांच्याशीच वाद घालायला उभा राहिला. त्याने मला समजावून सांगितलं ते असं. विकास कुमार नावाच्या उमेदवाराला हाच त्रास होता, केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. 11 फेब्रुवारी 2021 ला निकाल लागला. ज्याला लिहिणं खरोखर अवघड आहे त्याच्याकडे 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला नाही एवढ्या कारणावरून लेखनिक नाकारता येणार नाही. मग 10 ऑगस्ट 2022 ला सरकारने त्यासाठी वेगळ्या सूचनाही काढल्या. त्या मुलाने निकालाची प्रिंट बॅगेत ठेवलेली असते, हॉल तिकिटाच्या मागे. मी म्हटलं लॅमिनेट करून घे, किती वेळा दाखवावी लागणार आहे ती.

एप्रिल-मे मध्ये माझी पंचाईत होते. परीक्षा आणि लग्नसराई एकदमच येतात. इकडे नवरीच्या साड्यांचा ढीग, तिकडे पंचायत राज. गिऱ्हाइकं चिडतात. एका बाईंनी तर साड्या परत नेल्या. मी दारावर पाटी लावते, 'दुपारी 3 नंतर'. खाली कारण लिहीत नाही, नाही तर परत तेच, पुण्याचं काम हो.

गेल्या सेमिस्टरला राज्यशास्त्राला सत्तरपैकी एकावन्न पडले. पेढे घेऊन आली आणि पेढा माझ्या हातात असतानाच म्हणाली, "काकू, राग मानू नका, पण पुढच्या वेळी मी दुसरी रायटर घेणारेय. तुमचं अक्षर फार मोठं आहे, पुरवण्या लागतात, आणि शेवटचा प्रश्न घाईत होतो." होस्टेलच्या मेसवालीची मुलगी बारावी झालीय यंदा, ती जोरात लिहिते म्हणे. मला आधी वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पेपर तिचा, हात कुणाचा घ्यायचा ते तिनेच ठरवायचं. मी त्या मुलीला घरी बोलावलंय रविवारी. पेन थांबू द्यायचं नाही हे तिला कुणी सांगितलेलं नसणार.