अमक्याची बायको

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपाने सोलापुरातही मांडणीवरची भांडी वाजली. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीची मिरवणूक, निम्मं शहर नुकतंच आडवं झालेलं. आमच्या कचेरीतले दोघे बातमीदार त्याच सकाळी जीपने किल्लारीकडे गेले. मला पाठवलं तिसऱ्या दिवशी, ‘बायकांच्या मुलाखती’ आणायला. वार्ताविभागात मी पहिली आणि एकटीच बाई. सहा वर्षं झाली तरी रांगोळी स्पर्धा माझ्याच वाट्याला. कचेरीत बायकांसाठी संडास नव्हता, शेजारच्या बँकेत जायचे. ते असो.

उमरग्याकडून सास्तूरच्या बाजूला शिरलो. पाऊस लागलेला. तिकडची घरं माळवदाची. दगडमातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर तुळया-फळ्या आणि त्यावर मातीचा थर. गळू नये म्हणून वर पुन्हापुन्हा पांढरी माती चढवायची. पिढ्यान्‌पिढ्या चढवलेली ती माती झोपलेल्या माणसांवर आली. चितांना लाकूड पुरेना, म्हणून त्याच घरांची दारं आणि तुळया जळत होत्या.

ताडपत्रीखाली तलाठी यादी करत होते. पुरुषांची नावं पुरती लिहिलेली. बायकांची नोंद मात्र ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची सून’. माझं टाळकंच सरकलं.

“भाऊसाहेब, हिला नाव नव्हतं का?”

“ताई, सांगणारा सांगतो तसं लिहितो.”

त्यांचंही खोटं नव्हतं. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता त्यांचा.

मुलाखती राहिल्या बाजूला, मी नावं विचारत हिंडले. नवरा बायकोचं नाव घ्यायला अडतो, अगदी ती गेल्यावरसुद्धा. एक जण पायाच्या अंगठ्याने चिखल उकरत कितीतरी वेळ गप्प उभा राहिला, मग हळूच बोलला. संध्याकाळपर्यंत ४१ नावं झाली. फुलस्केपवर सुवाच्य उतरवून काढली. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव. पाकीट उमरगा स्टँडवर सोलापूर गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात दिलं. तेव्हा आमचा पेपर एसटीच्या ड्रायव्हरांच्या जिवावर निघायचा. माझं एकही पाकीट त्यांनी कधी हरवलं नाही, आणि मालकांनी त्यांना कधी साधा दिवाळी अंक दिला नाही.

रात्री डेस्कवर ऐनवेळी एका पुढाऱ्याची श्रद्धांजलीची जाहिरात आली, फोटोसकट. जागा कमी पडली. उपसंपादकाने डीटीपीवाल्याकडून यादीतली मधली नावं उडवून घेतली. उरलं नाव, आडनाव, गाव. दोन कॉलमात यादी झकास बसली. सकाळी मी चरफडले, पण खरं सांगते, मनातून खूशही होते. ४१ बायका नावानिशी छापून आल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात अक्कलकोटकडचा एक माणूस घडी घातलेलं कात्रण घेऊन कचेरीत आला. गावापर्यंत जाऊन आला होता, पण बघ्यांच्या गर्दीमुळे पोलीस कुणालाच आत सोडत नव्हते.

“ताई, आमची बहीण यात नाही. म्हणजे आहे ना हो ती?”

मी मेहुण्याचं नाव विचारलं आणि वही काढली. नाव होतं. अंगठ्याने चिखल उकरणारा तोच. त्याने सांगितलेलं नाव लग्नात ठेवलेलं, सासरचं. माहेरी ते कुणाच्या तोंडी कधी आलंच नव्हतं, आणि आडनाव तर निम्म्या गावाचं एकच. तलाठ्यांची ‘अमक्याची बायको’ जशीच्या तशी छापली असती, तर या माणसाने पहिल्या नजरेत ओळखली असती.

त्या उपसंपादकावरचा राग माझा अजून गेलेला नाही. पण माहेरचं नाव विचारायचं मला तरी कुठं सुचलं होतं? माझं स्वतःचं नाव लग्नात बदललेलं.

मी वही त्याच्याकडे फिरवली. त्याने बोट ठेवून ते नाव दोनदा वाचलं.

“हे कुणी ठेवलं?” म्हणाला.