असिएरा एफ-१ : नोंद चौथी, डिव्हायडिंग हेड

भोसरीतल्या एका जुन्या मशिनच्या व्यापाऱ्याकडून हे मिलिंग मशिन घरी आलं त्याला चार महिने झाले. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल या घड्याळवाल्यांच्या गावात बनलेलं, फिरत्या कटरने धातू कापणारं, बेंचवर मावणारं छोटं मशिन. आडवा स्पिंडलही (कटर फिरवणारा दांडा) आहे आणि उभं हेडही. रंग जागोजागी उडालाय, तो तसाच ठेवणार. स्लाइडवरचे स्क्रेपरचे ठिपके (पृष्ठभाग हाताने खरवडून सपाट केल्याच्या खुणा) अजून दिसतात, मला तेवढं पुरे.

मोटर एकदाची मार्गी लागली. मोटरच्या प्लेटवर २२०/३८० व्होल्ट लिहिलंय, म्हणजे डेल्टा जोडणीत २२०, स्टार जोडणीत ३८०. कारखान्यात ती स्टारमध्ये जोडलेली होती, आणि मी घरच्या सिंगल फेजवर व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज देणारी पेटी) लावून ती तशीच चालवत होतो. नुसती फिरायची छान, पण कटर टेकला की बसायची. पंधरा दिवस बेल्टला शिव्या घातल्या. व्हीएफडीतून २२० बाहेर पडतात, म्हणजे जोडणी डेल्टात हवी. स्टारमध्ये मोटरची ताकद तिसऱ्या हिश्श्यावर येते. टर्मिनलच्या पट्ट्या फिरवायला पाच मिनिटं लागली.

कॉलेटची (कटरची दांडी घट्ट पकडणाऱ्या, चिरा पाडलेल्या नळ्यांची) पेटी मात्र दुखणं आहे. बारा खाचांत सात डब्ल्यू-१२ कॉलेट निघाले आणि त्यातल्या सहा मिमीचं तोंड फाकलेलं. कोणीतरी कटरची जाड शँक (दांडी) ठोकून बसवली असणार. ईआर जातीचा कॉलेट मापात एक मिमीपर्यंतचा फरक सांभाळून घेतो, त्याची सवय झाली की हे असं होतं. हे कॉलेट एकेका मापाचेच. सहाच्या कॉलेटात सहाच. कॉलेट रिकामा असताना ड्रॉबार (कॉलेट मागून ओढून घट्ट करणारा दांडा) आवळायचा नाही, हेही मी आता पेटीच्या झाकणावर लिहून ठेवलंय.

उभ्या हेडला डायल मारली, म्हणजे ते टेबलाशी काटकोनात आहे का ते मापकाने तपासलं. डावी-उजवीकडे सहा रेघांचा फरक होता, तो अर्ध्या रेघेवर आला. संध्याकाळ गेली.

आता मुख्य काम. मशिनबरोबर एक डिव्हायडिंग हेड मिळालं होतं, कुठल्याही कंपनीची छाप नसलेलं. गोल वस्तू सारख्या भागांत फिरवायचं हे साधन; हँडलची पिन भोकांच्या चकतीत अडकवून फेरीचा भाग मोजायचा. हँडल फिरवून मोजलं: हँडलच्या ४० फेऱ्यांना वस्तूची एक. माझ्या लेथसाठी १ मोड्यूलचं (मोड्यूल म्हणजे दाताचं माप, मिमीत), २४ दातांचं चेंज गिअर (बदलता येणारं दातेरी चाक) हवं होतं. ब्लँक (दात पाडायची गोल चकती) पितळेचा, बाहेरचा व्यास २६ मिमी, दाताची खोली २.२५. कटर ४ नंबरचा, २१ ते २५ दातांसाठी. (डीपीच्या, म्हणजे इंची मापाच्या, कटरांचे नंबर उलटे चालतात, जुन्या बाजारात घेताना बघून घ्या.) चाळीस भागिले चोवीस, म्हणजे एक पूर्ण फेरी आणि १५ भोकांच्या वर्तुळावर आणखी १० भोकं.

सेक्टरचे पाय (भोकं मोजून ठेवणाऱ्या दोन पट्ट्या) लावले, पितळ लोण्यासारखं कापलं जात होतं, एकाच पासात पूर्ण खोली. चोवीस खाचा झाल्या आणि बघतो तर पहिल्या आणि शेवटच्या खाचेमध्ये हा एवढा जाड दात! आधी वाटलं हेडचा वर्म (आतला आटे असलेला दांडा) सरकला.

वर्म जागेवरच होता. मी पिन बसलेलं भोकसुद्धा दहात मोजलं होतं. म्हणजे दर वेळी नऊच भोकं पुढे. पिनचं भोक शून्य धरायचं, सेक्टरच्या दोन पायांमध्ये अकरा भोकं दिसली पाहिजेत. गंमत पुढे आहे. एक फेरी नऊ भोकं म्हणजे १.६ फेऱ्या, आणि ४० भागिले १.६ बरोब्बर २५! त्या जाड दातात आणखी एक खाच नेमकी बसत होती. मग मारलीच. २४ च्या ब्लँकवर २५ दात, शेंड्याला सुईसारखे बारीक, कशाशीच न जुळणारे.

धाकट्याने ते मोजून पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, एक जास्त झाला." गिअर आता त्याच्या कंपासपेटीत आहे. रविवारी नवा ब्लँक टर्न करतोय.