ज्याच्या त्याच्या प्रकरणाखाली ज्याचे त्याचे संदर्भ

आज दिवसभर धरमपेठेतल्या घरी संत्र्यावरच्या संपादित ग्रंथाची लाटेकमध्ये (पुस्तकं, प्रबंध टाईपसेट करायच्या संगणक-प्रणालीत) जुळणी केली. प्रत्येक प्रकरणाचा लेखक वेगळा, मग सगळ्यांचे संदर्भ शेवटी एकाच ढिगात का टाकायचे? कुणी एखादंच प्रकरण झेरॉक्स करून नेलं तरी त्याचे संदर्भ सोबत गेले पाहिजेत. वाचकाचा तो हक्कच आहे.

जुना मार्ग चॅप्टरबिब या लाटेकच्या पॅकेजचा, म्हणजे जोड-सॉफ्टवेअरचा: प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाईल, ती 'इन्क्लूड' या आज्ञेने जोडायची आणि बिबटेक हा संदर्भसूची बनवणारा प्रोग्राम दर प्रकरणावर स्वतंत्र चालवायचा. चालतं, पण फार दमवतं. मी बिबलाटेक हे संदर्भांसाठीचं दुसरं पॅकेज घेतलं. पॅकेजच्या पर्यायांत 'रेफसेक्शन=चॅप्टर' (दर प्रकरणाचे संदर्भ वेगळे) आणि दर प्रकरणाच्या शेवटी 'प्रिंटबिब्लिओग्राफी' ही सूची छापायची आज्ञा, एवढंच. क्रमांकांची शैली असेल तर प्रत्येक सूची १ पासून सुरू होते. त्याला 'हेडिंग=सबबिब्लिओग्राफी' जोडा, नाहीतर सूचीचं शीर्षक नव्या प्रकरणासारखं नव्या पानावर जातं, आणि ते फार वाईट दिसतं!

शेवटी एकत्रित सूचीसुद्धा हवी असेल तर 'रेफसेक्शन'ऐवजी 'रेफसेगमेंट' बघा. त्यात क्रमांक पुस्तकभर सलग राहतात.

पीएचडीवाल्यांनो, प्रबंध इथे अडला असेल तर रविवारी लॅपटॉप घेऊन या. बसून करू.